नागप्पाचे सोमवार

खटकचिंचोळी गावचा नागप्पा बीदरजवळच्या नौबादच्या एका बंद कारखान्यावर राखणदार होता. वाडवडिलांनी मेंढरं राखली, याच्या वाट्याला गंजकी यंत्रं आली. बायको बाणूबाई त्याच्या पिण्याला कंटाळून हैदराबादला मुलाकडे, रविकुमारकडे, निघून गेली होती. दिवस मावळला की खोली खायला उठायची. मग दारूची दोन पाकिटं रिचवायची आणि आडवं व्हायचं.

२००५ साली पायाची जखम दाखवायला तो बीदरच्या एका दवाखान्यात गेला. तिथं श्रीदेवी नावाची तरुण डॉक्टर आपल्या सरांच्या हाताखाली पिणाऱ्या माणसांच्या रक्ताचा अभ्यास करत होती. तिनं विचारलं आणि नागप्पा तयार झाला. रोज आवळ्याच्या अर्काची गोळी घ्यायची, दर सोमवारी येऊन पुढच्या गोळ्या न्यायच्या, आणि महिन्याला थोडं रक्त द्यायचं.

"दारू जिरताना अंगात जहाल कण सुटतात, अप्पा," तिनं समजावलं. "ते रक्तातल्या तांबड्या पेशींचं आवरण कुरतडतात. आवळ्यातली अँटिऑक्सिडंट त्या कणांना आवरतील असं वाटतंय. खरंच आवरतात का, तेच आम्ही बघायलोय. पण यानं पिणं सुटत न्हाई बरं. ते तुम्हालाच सोडावं लागंल."

नागप्पाला त्यातलं निम्मंच कळलं. पण ती मनगट धरून नाडी बघायची आणि "जेवलाव का अप्पा?" असं विचारायची. तसं विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून तो आठवडाभर तिला सांगायच्या गोष्टी साठवू लागला. कारखान्याच्या छपरावर मोर आला, कुत्रीला पिल्लं झाली. प्यायल्यावर मात्र सगळं विसरायचा. सोमवारी तिच्यापुढं बसला की तोंडून शब्द फुटेना. मग तो एखाद्या दिवशी पाकीट टाळू लागला. टाळता टाळता हिवाळा सरेपर्यंत पिणं सुटलंच.

त्याच सुमारास अभ्यासातल्या गुरुलिंगनं पिणं सोडल्याचं सांगितलं. श्रीदेवीनं त्याची पाठ थोपटली आणि गोळ्या थांबवल्या. सोडलेला माणूस त्या अभ्यासात बसत नव्हता. नागप्पा बाकावरून बघत होता. त्याची पाळी आली.

"किती घेताव अप्पा?"

"रोजचीच दोन," तो म्हणाला.

पुढच्या तपासणीत रक्त सुधारलेलं निघालं. श्रीदेवीच्या तोंडावर आनंद मावेना. "पिणं चालू असून रक्त एवढं सावरलंय! सरांना आजच सांगते." नागप्पाही हसला. पण बाहेर येऊन बसची वाट बघताना त्याला राहवेना. हिच्या तोंडून खोटं सांगितलं जाणार, आणि ते आपल्यामुळं. तो उलटपावली परत गेला.

"बाई, सरांना सांगू नगा. म्या पीतच न्हाई. लई दिवस झाले."

ती बघतच राहिली. "मग खोटं कामून सांगितलाव?"

"सोमवार बंद झाला असता."

तिनं त्याचा हात हातात घेतला. "सोडलाव ते लई चांगलं केलाव अप्पा. पण तुमचं रक्त आता माझ्या कामात धरता येत न्हाई." उरलेल्या गोळ्या तिनं परत घेतल्या. "कधी आलाव इकडं तर भेटा," म्हणाली, तेवढ्यात पुढचा माणूस आत आला.

त्या संध्याकाळी नागप्पानं नाक्यावरून हैदराबादला फोन लावला.

"पिणं सोडलंय म्या," तो बाणूबाईला म्हणाला.

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता. "बरं झालं," ती म्हणाली. "जपून राहा. नात रडायलीय, ठेवते."

नागप्पानं पुन्हा दारूला हात लावला नाही. पुढं तो कारखाना विकला गेला, तरी नव्या मालकानं त्याला राखणीवर ठेवलं. दवाखान्यात जायचं नसलं, तरी सोमवारी तो लवकर उठायचा, दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचा. रस्त्यानं हैदराबादच्या गाड्या जात राहायच्या, फाटकाशी एकही थांबायची नाही.