वन्संच्या कातडीचा रंग

आमचं सगळं घरच कापड रंगवतं, पण रंगाच्या कढईवर वन्संच. नवऱ्याची ही थोरली बहीण. मी लग्न होऊन आले त्याआधीपासून ती जागा त्यांची. मग त्यांच्या बोटांवर पांढरे डाग उठले. ब्लीच उडालं असेल, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. डाग मनगटापर्यंत चढले तेव्हा वन्संनी काय करावं? स्वतःच्या कातडीचा रंग कालवला आणि लावला हातांना! रंगाऱ्याची अक्कल, दुसरं काय. रंग असा बेमालूम जमला की डाग होते हेच आम्ही विसरलो.

पुढे त्या पेंगायला लागल्या. उकळत्या कढईशेजारी स्वेटर घालून बसायच्या. आवाज घोगरा झाला, सांगितलेलं लक्षात राहीना. डॉक्टरीणबाईंनी टॉनिक दिलं, त्याने काडीचा फरक पडला नाही. त्यात एका ताग्यावर चट्टे पडले आणि नवऱ्याचं डोकं फिरलं. कामचुकार झालीस म्हणाला, सोमवारपासून कढईवर दुसरं माणूस बसेल. वन्सं भांडल्यासुद्धा नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. अंगचोर त्या नाहीत हे मला ठाऊक, पण मग झालंय काय? माझी तर मतीच गुंग.

दोनच दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं, हातांना रंग लावणं राहिलं आणि होता तो उतरला. मी त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. बाईंनी हात पाहिले, हे आधी का नाही दाखवलंत म्हणाल्या, आणि हात सोडून गळा चाचपायला लागल्या. मी चक्रावले. रक्त तपासलं, तर थायरॉईड मंदावलेलं. हे डाग म्हणजे कोड. त्यात शरीर आपल्याच कातडीच्या रंगावर उठतं, तसंच कधीकधी गळ्यातल्या या ग्रंथीवरही उठतं. कोड असलेल्या सगळ्यांना होतं असं नाही, पण तपासावं लागतं, असं बाईंनी समजावलं. गोळीने थकवा जाईल, डाग नाही. मग ब्लीचचं काय? तेही असेल, नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं.

घरी मी नवऱ्याला सगळं ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच. तो खाली मान घालून म्हणाला, सोमवारच्या माणसाला नको म्हणून कळवतो.

वन्संनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "अगं, मलाही तेच वाटत होतं. मी कामचुकार झालेय, असंच."

आणि डागाळलेल्या हातांनी तोंड झाकून ओक्साबोक्शी रडल्या.