एप्रनशिवाय राजदूत

शुक्रवार, ७ मार्च २००३. ड्वेन क्यूनच्या खिशातल्या कागदावर ४१,३०० डॉलर हा आकडा होता. सोमवारपर्यंत सही केली, तर कागद गिरणी त्याला तेवढी रक्कम देऊन घरी पाठवणार होती. नाही केली, तर नोकरी चालू. पण उद्या गिरणीच बंद पडली, तर हाती जवळजवळ काही नाही.

गिरणीचं काय होणार हे मर्टन फॉल्समधल्या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो त्या संध्याकाळी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे खायला येणार होता.

रोलंड थीडी. शाळेत ड्वेनच्या थोरल्या बहिणीच्या, लॉरेनच्या वहीतून गणितं उतरवणारा. तिसाव्या वर्षी गिरणी कामगारांच्या मतांवर राज्याच्या विधानसभेत गेला. तिथून वॉशिंग्टनला, व्यापार खात्यात. तिथं बसून त्यानं परदेशी कागदावरची जकात उतरवली आणि ज्या देशाचा त्यात फायदा झाला, त्याच देशात राजदूत म्हणून गेला. चार वर्षं मेजवान्या झोडून परतला, तोवर तिथल्याच एका कंपनीनं मर्टन फॉल्सची गिरणी विकत घेतली होती आणि संचालक मंडळात याची खुर्ची राखून ठेवली होती. सरकार असो, वकिलात असो की कंपनी, जिथं पान मांडलेलं तिथं हा बसलेला. पद गेलं तरी 'राजदूत' हे बिरुद मात्र त्यानं अंगावरून उतरवलं नाही.

ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालत, म्हणून दर शुक्रवारी हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असे. पुढारी आला की एप्रन बांधून वाढायला उभा राही. एप्रनवाल्याला राजकारणाचं विचारायचं नाही, रांग खोळंबते, मासे गार होतात, असा रिवाज. रोलंडनं तो पंचवीस वर्षं मनसोक्त वापरला. गावचं इस्पितळ गेलं, त्या शुक्रवारी हा एप्रनमध्ये. जकात उतरली, तेव्हाही एप्रनमध्ये. "बटाटा की कोबी?" हा त्याचा जनतेशी संवाद.

स्वयंपाकघर लॉरेनच्या ताब्यात होतं. त्या दिवशी तिनं सगळे एप्रन कपाटात घालून कुलूप लावलं.

"लॉरेन, माझा एप्रन कुठाय गं?"

"धुवायला गेलाय. राजदूतांनी आज बसून खावं."

"अगं, मला वाढायची हौस आहे."

"माहितीये. आणि ओरपायची त्याहून जास्त. बस तिकडे."

कंपनीच्या दोन पाहुण्यांना घेऊन रोलंड टेबलाशी बसला. ड्वेन समोर येऊन उभा राहिला.

"रोलंड, सरळ सांग. सोमवारी सही करू की नको?"

लॉरेन झारा घेऊन दारात आली. रांग नाही, एप्रन नाही, आता याला खरं बोलावंच लागेल, असं तिला वाटलं. तिचं चुकलं ते इथंच. खुर्चीत बसून खोटं बोलण्यातच तर या माणसाची हयात गेली होती.

रोलंडनं तोंड पुसलं आणि ड्वेनच्या खांद्यावर हात ठेवला. "लेका, तुझ्या वडलांना मी ओळखत होतो. तुझ्या जागी असतो ना, तर घाई केली नसती."

"म्हणजे चालणार?"

"मी काही बोललो नाही हं. पण झोप शांत घे."

ड्वेन स्वयंपाकघरात आला आणि कागद फाडून माशांच्या काट्यांच्या बादलीत टाकला.

"अरे, चालणार असं तो म्हणाला नाही!" लॉरेन ओरडली.

"ताई, मोठी माणसं अशीच बोलतात. तू उगाच त्याच्या नावानं बोटं मोडतेस."

गिरणी बंद करण्याचा ठराव जानेवारीतच झाला होता. त्याच्या बाजूनं रोलंडचाही हात वर झाला होता. सही करणारे जितके कमी, तितकी कंपनीची बचत जास्त. ऑगस्टमध्ये दाराला कुलूप लागलं. ड्वेनला दोन आठवड्यांचा पगार मिळाला. आता तो शेजारच्या गावात टायर बदलतो आणि बहिणीकडे जेवायला येत नाही.

बेरोजगारांना कामं शोधून देण्यासाठी राज्यानं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष, माजी राजदूत रोलंड थीडी.

त्या शुक्रवारी त्यानं तीन ताटं घेतली होती आणि पैसे मागाहून पाठवतो म्हणाला होता. हॉलला त्याच्याकडून सत्तावीस डॉलर येणे आहे.