आईचा आडवा पाय

कंपवाताने माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, हात जितके हलत तितकेच पाय अडत. अंगणात बरे चालायचे, पण दाराच्या उंबऱ्याशी आले की तळवे जमिनीला चिकटायचे. केळीचा मळा घरामागेच. पण कुणी धरून न्यायला लागलं की ते हात झटकत. मळ्यात एकट्याने जाईन, नाहीतर जाणारच नाही. या हट्टात दोन वर्षं गेली.

जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याला चुंबकाच्या लहरी द्यायचं सुचवलं. गोळ्या चालूच राहतील, चालण्यात फरक पडेल किंवा पडणारही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आबांना शंका नव्हतीच. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचू नयेत म्हणून त्यांनी मळ्यातल्या पाइपला चुंबक बसवला होता. डोक्यातही तसंच काहीतरी तुंबलंय, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. चुंबकाजवळ धातू नको म्हणून कमरेचा चांदीचा करगोटा माझ्याकडे देऊन ते दवाखान्यातल्या खुर्चीत बसत आणि डोक्यावरचं यंत्र टकटक करू लागलं की मला डोळा मारत.

काही आठवड्यांनी पावलं जरा लांब पडू लागली. उंबरा मात्र हटेना. मग तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी युक्ती सांगितली: पाऊल अडलं की समोर कुणीतरी आपला पाय आडवा ठेवायचा. तो ओलांडायला पाऊल उचललं जातं.

घरी आईने पाय आडवा ठेवला. आबांनी तो झोकात ओलांडला. मी टाळी वाजवणार, तोच ते सावकाश वळले आणि तोच पाय ओलांडून पुन्हा आत आले. माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, म्हणून उलटं ओलांडून ते फेडायचं, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आठवडाभर हेच चाललं. बाहेर, आत. जळगावच्या एवढ्या लांबच्या खेपा करून आम्ही आबांना आईच्या पायावरून झोके घ्यायला शिकवलं होतं. मी चिडलोच.

"तिचं काही वाईट नको व्हाले," आबा म्हणाले.

शेवटी आई वैतागली. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली बाई.

"मले आता कितीक वाढाचं हाये? व्हा पुढे!"

आबा बाहेर पडून थांबले. या वेळी वळले नाहीत. "येतांना फेडतो," म्हणाले आणि तुरुतुरु मळ्याकडे निघाले, एकटेच.

आई दाराशी पाय आडवा ठेवूनच बसली. मी म्हटलं, "ऊठ आता, गेले ते."

"परत येतीन ना," ती म्हणाली.