दीड फूट कमी

भालचंद्र टेंबे आपल्याला आवडतात असं म्हणणारा माणूस बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये कुणी पाहिला नव्हता. आणि टेंब्यांना आवडलेला माणूस तर त्यांच्या बायकोनेही पाहिला नव्हता.

कारखान्यात तीस वर्षं ते तपासनीस होते. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेलं काम त्यांच्या टेबलावर यायचं. टेंबे कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे, मोजायचे, पुन्हा मोजायचे आणि लाल फुली मारून परत पाठवायचे. श्रीखंडाची पहिली बोटभर चव घेताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा फुली मारताना व्हायचा. पुढे मात्र एका महिन्याच्या अखेरीला त्यांनी एक अख्खी खेप नापास केली, आणि ती वेळेवर रवाना करण्याचा शब्द वरच्या एका साहेबाने कुणाला तरी देऊन ठेवलेला होता. खेप रवाना झाली. टेंबेही झाले, टाउनशिपच्या उद्यान विभागात, निवृत्तीपर्यंतच्या तीन वर्षांसाठी. बागेत हा बाबा नापास करून करून काय करणार, असं वरच्यांना वाटलं असावं.

त्यांनी शेणखत नापास केलं. कुंड्या नापास केल्या. गुलाबाची रोपं आणणाऱ्याला टेम्पोसकट परत पाठवलं. क्लबासमोरच्या हिरवळीवर ते फूटपट्टी घेऊन उकिडवे बसायचे आणि गवत कुठे दोन इंच आणि कुठे सव्वादोन, हे माळ्याला बोलावून दाखवायचे. माळी मान हलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. टेंब्यांना ते ठाऊक होतं. हसणाऱ्यांबद्दलही त्यांचं मत तयारच होतं. भोपाळात येऊन चौतीस वर्षं झाली तरी साताऱ्याचं पाणी उतरलं नव्हतं. “इथे लोक ‘हो जाएगा’ म्हणतात आणि काम झालं असं समजतात,” हे वाक्य ते रोज एकदा तरी बोलत, आणि ते ऐकणारा भोपाळचाच असेल याची काळजी घेत.

एका माणसाला मात्र त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. तो म्हणजे गजानन. उज्जैनहून येऊन इथे स्थायिक झालेल्या मराठी घरातला, उद्यान विभागातला झाडावर चढणारा एकटा माणूस. कॉलनी वसली तेव्हा लावलेले कडुनिंब आणि सप्तपर्णी आता तीन मजल्यांच्या वर गेले होते, आणि त्यांच्या आडव्या फांद्या घरांच्या छज्ज्यांवर आणि विजेच्या तारांवर रेलत होत्या. शिडीची मोठी गाडी हमरस्त्यावर चाले, पण क्वार्टरांच्या मागच्या बोळांत, जिथे दोरीवर लुगडी आणि भिंतीला स्कूटरी, तिथे ती शिरत नसे. तिथे गजानन कमरेला कोयता खोचून वर जायचा. त्याने तोडलेली फांदी साल न सोलता पडायची. टेंबे खालून मान वर करून तो काप बघत आणि काही न बोलता पुढे जात. टेंब्यांच्या भाषेत ही शाबासकी होती.

जानेवारीत एकदा गजानन काम अर्धं सोडून खाली उतरला आणि ओट्यावर बसून राहिला. टेंब्यांनी विचारलं, काय झालं.

“काही नाही साहेब,” तो म्हणाला. मग कमरेचा कोयता काढून बाजूला ठेवत म्हणाला, “आता वर गेल्यावर पाय कापतात. पूर्वी नव्हतं असं. भीती लागते.”

“वय काय तुझं?”

“चौपन्न लागलं न, साहेब.”

टेंबे एवढंच म्हणाले की ठीक आहे, बस. पण ते ऑफिसात गेले आणि त्याच दिवशी त्यांनी फाइल उघडली. आजवर त्यांनी कुणासाठी काही केलं असेल तर हे. उंच झाडांच्या छाटणीसाठी बॅटरीवर चालणारं, लांब दांड्याच्या टोकाला साखळीची करवत असलेलं यंत्र हवं, म्हणजे माणूस जमिनीवर उभा राहून फांदी कापेल. बोळांतून विजेची वायर ओढत नेणं धोक्याचं, आणि पेट्रोलचं यंत्र जड, हाताला मुंग्या आणणारं, म्हणून बॅटरीचंच. सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग टेप घेऊन आठ दिवस बोळ पालथे घातले. सोळा फुटांवरच्या फांद्या सबंध कॉलनीत चारच निघाल्या, बाकी सगळ्या चौदाच्या आत. पण तपासनीस सगळ्यात वाईट माप धरतो, म्हणून टेंब्यांनी लिहिलं: पोहोच सोळा फूट. वजन बॅटरीसह साडेचार किलोच्या आत. तीन इंचांची फांदी कापली पाहिजे. एका चार्जिंगवर चाळीस मिनिटं.

आश्चर्य म्हणजे मंजुरी मिळाली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन विक्रेते आपापली यंत्रं घेऊन बोळात हजर झाले. खरेदी विभागातून वैजयंती मॅडम आल्या होत्या, ग्वाल्हेरच्या, तिशीतल्या, हातात फाइल आणि डोळ्यांत घाई. यंत्र चालवून बघायला गजानन होता. तो नवा शर्ट घालून आला होता. टेंब्यांनी ते पाहिलं आणि छाटणीच्या कामाला नवा शर्ट घालणाऱ्याच्या अकलेबद्दल मनात एक शेरा मारला.

पहिला विक्रेता अरेरा कॉलनीतल्या चकचकीत दुकानाचा. बूट असे की बोळातल्या चिखलाला लाज वाटावी. त्याने कॅटलॉग उघडलं आणि वजन वाचून दाखवलं, चार किलो दोनशे. टेंब्यांनी खताच्या गोण्या तोलायचा लटकता काटा मागवला आणि यंत्र बॅटरी लावून आकड्याला अडकवलं. पाच किलो नऊशे.

“सर, कॅटलॉग में विदाउट बैटरी लिखा है,” तो म्हणाला.

“तो बिना बैटरी के चलाकर दिखाइए,” टेंबे म्हणाले. त्यांचं हिंदी चौतीस वर्षांत एवढ्यापुरतं मात्र फार चांगलं झालं होतं. बूटवाला काही तरी बोलू लागला, तोवर ते पुढच्याकडे वळले होते.

दुसरा करोंदहून आला होता, मंडीजवळ शेतीची अवजारं विकणारा, पोट सांभाळत चालणारा शेठ. त्याचं यंत्र दणकट होतं. कडुनिंबाची तीन इंची फांदी त्याने कचाकच कापली. टेंब्यांनी घड्याळ लावलं होतं. एकोणीस मिनिटांनी साखळी मरगळली आणि ओल्या लाकडात अडकून बसली. शेठ म्हणाला, बॅटरी नवीन आहे, दोन-चार वेळा चार्ज झाली की खुलते. टेंब्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की शेठने पुढचं वाक्य गिळलं. चाळीसाच्या जागी एकोणीस घेऊन येतात आणि वर तोंड करून बोलतात, हे यांचं व्यापारी डोकं. त्यांनी वहीत फुली मारली. आता त्यांची कळी खुलली होती. बागेत आल्यापासून इतकी चांगली सकाळ त्यांना मिळाली नव्हती.

तिसरा फार बोलला नाही. त्याचं यंत्र सडपातळ होतं. काट्याला अडकवलं तर बॅटरीसह तीन किलो आठशे. गजाननने ते हातात घेतलं, दोनदा तोलून बघितलं आणि कामाला लागला. एक फांदी, दुसरी, तिसरी. जाड फांदीलाही ते अडलं नाही. चाळीस मिनिटं झाली, वर पाच झाली, तरी साखळी फिरतच होती. सात क्वार्टरांच्या मागची छाटणी त्याने चपला घालून, जमिनीवर उभं राहून केली. वरच्या मजल्यावरच्या बायका छज्ज्यावर येऊन बघत होत्या. गजानन त्यांच्याकडे बघून हसलाही.

टेंबे तिकडे बघत नव्हते. ते दांडा पूर्ण ताणून, भिंतीला लावून, टेपने मोजत होते. माणसाच्या हाताची उंची धरून पोहोच भरली साडेचौदा फूट.

“साडेचौदा,” ते म्हणाले. “सोळा नाही.”

“टेंबे साहेब,” वैजयंती मॅडम म्हणाल्या, “दीड फूटच तर कमी आहे. बाकी सगळं पास आहे न? तुम्ही फक्त ‘चालेल’ म्हणून लिहून द्या, अप्रूव्हल मी काढून घेते. इकतीस मार्चला ही सँक्शन लॅप्स होऊन जाईल, मग फिर से सगळं पहिल्यापासून.”

“मॅडम, तुमच्या खात्यात सोळा म्हणजे साडेचौदा होत असतील. माझ्या वहीत सोळा म्हणजे सोळा.”

“पण सर, काम तर होतंय. बघा न तुम्ही, किती छान—”

“काम होतंय!” टेंब्यांनी टेपचं टोक खटकन सोडलं. “काम तर सगळ्यांचंच होतं मॅडम. म्हणून तर देशाची ही अवस्था आहे.”

वैजयंती मॅडमनी फाइल मिटली. अशा म्हाताऱ्यांशी वाद घालायला त्यांना पगार मिळत नव्हता. गजाननने यंत्र विक्रेत्याला परत दिलं, देण्याआधी दांड्यावरचा चिखल नव्या शर्टाच्या बाहीने पुसून दिला, आणि तो पाला गोळा करायला लागला. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

टेंब्यांनी अडीच पानी अहवाल लिहिला. एकेका यंत्राची सालटी काढली. तो इतका छान उतरला होता की संध्याकाळी चहा घेताना त्यांनी तो मंदाकिनीबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या त्या बाईने आजवर असे शेकडो अहवाल ऐकले होते. त्यांच्या स्वयंपाकालाही तसे मिळाले होते. त्या भाजी निवडत ऐकत राहिल्या. शेवटचं वाक्य होतं, ‘सबब तिन्ही यंत्रे खरेदीस अयोग्य.’

“अहो, मग गजाननाचं काय?” त्यांनी विचारलं.

“त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं. फालतू यंत्र त्याच्या गळ्यात मारू का? पुढच्या वर्षी नीट निविदा काढू, चांगलं बघून घेऊ.”

“पुढच्या वर्षी तुम्ही नसाल ना पण नोकरीत.”

“मग जो कोणी असेल तो घेईल.”

“हो, घेईल हो,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी निवडलेली मेथी उचलली आणि आत गेल्या. बायकांना मोजमापातलं काही कळत नाही, असं टेंब्यांचं जुनं मत होतं. ते आज आणखी पक्कं झालं.

एकतीस मार्च आला आणि गेला. मंजुरी रद्द झाली. ‘योग्य यंत्र उपलब्ध नाही’ असा शेरा मारून फाइल बंद झाली. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात टेंबे फार खुशीत होते. तीस वर्षांचा हात अजून गेलेला नाही, बागेत फेकलं तरी तपासनीस तो तपासनीसच, असं त्यांना वाटत होतं. ऑफिसातल्या पोरांना बोलावून त्यांनी अहवालातले दोन परिच्छेद वाचायला दिले. पोरांनी ‘वाह सर’ म्हटलं आणि मोबाइल काढले.

मेच्या शेवटी एका दुपारी वळवाचा वारा सुटला. मागच्या बोळात तारांना फांद्या घासून ठिणग्या उडाल्या आणि बारा क्वार्टरांची वीज गेली. विजेच्या माणसांनी लाइन बंद केली आणि सांगितलं, पाऊस लागायच्या आत फांद्या काढा, नाहीतर आम्ही चालू करणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंबे बोळात गेले. गजानन आधीच येऊन थांबला होता. कमरेला दोर गुंडाळला होता आणि तो खोडाकडे बघत उभा होता. त्याच्या ओठांवरून जीभ फिरत होती.

टेंब्यांनी सवयीने वर पाहिलं. तारांना भिडलेल्या फांद्या त्यांनी डोळ्यांनी मोजल्या. बारा फूट. तेरा. साडेतेरा. चौदा. डोळ्यांनी मोजलेलं त्यांचं माप टेपला सहसा चुकत नसे. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. सोळाची एकही नव्हती.

“गजानन,” ते म्हणाले, आणि त्यांनी नजर फांद्यांवरून खाली आणली. मग म्हणाले, “ते तिसरं यंत्र. कसं वाटलं होतं तुला?”

“चांगलं होतं, साहेब. हल्कं होतं एकदम.”

“दीड फूट कमी पडत होतं.”

“हो न. चार झाडांना पडलं असतं कमी.” गजानन दोराची गाठ ओढून बघत होता. आवाजात तक्रार नव्हती, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगावी तसा तो बोलत होता. “तिथे मी स्टूल ठेवून घेतला असता.”

स्टूल. टेंब्यांच्या अडीच पानांत सगळं होतं, वजन होतं, मिनिटं होती, इंच होते. स्टूल नव्हता.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?” ते ओरडले. ओरडायचं कुणावर होतं ते त्यांचं त्यांना कळत होतं.

“तुम्ही मोजत होते न, साहेब,” गजानन म्हणाला. त्याने चपला काढून भिंतीशी जोडून ठेवल्या, खोडाला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि चढायला लागला.

टेंबे खाली उभे राहिले. बूटवाला, शेठ, वैजयंती मॅडम, वरचे साहेब, भोपाळ, सगळ्यांसाठी आयुष्यभर जपून ठेवलेला तिरस्कार त्यांच्याजवळ भरपूर होता, आणि आज तो सगळा एकाच माणसाच्या वाट्याला आला. त्यांना स्वतःची शिसारी आली. वर गजानन दहा फुटांवर थांबला होता. खोडाला मिठी मारून, डोळे मिटून, तो पाय थरथरायचे थांबण्याची वाट बघत होता. ते थांबत नव्हते. टेंबे मान वर करून त्या दोन पायांकडे बघत राहिले. बघण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.