शेवटचा ठिपका जाईपर्यंत

सुनंदा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशकातल्या अंबडच्या बसस्टॉपवर उभा होतो. फोन ठेवला आणि लॅबकडेच चालू लागलो... त्या दिवशी सुट्टी होती, हेही सुचलं नाही. माझं गाव पार किनवटकडं, शिक्षण आठवीपर्यंत. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा नाशकात मला ओळखणारं कुणी नव्हतं. मॅडमनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये घेतलं आणि थेट आपल्या मशीनशेजारी स्टूल दिलं.

मशीन काय करतं, ते त्यांनी द्राक्षांवरून समजावलं. "पॅकहाऊसमध्ये घड बघतात, गंगाधर. आपण मणी न् मणी बघायचा." पेशीवरच्या प्रथिनांना चमकणारा रंग चिकटवायचा, मग पेशी एकामागं एक प्रकाशासमोरून जातात. जेवढी चमक, तेवढं ते प्रथिन. एक पेशी म्हणजे पडद्यावर एक ठिपका. ढीगभर चांगल्यांत थोड्याच बिघडलेल्या असल्या तरी वेगळ्या दिसतात. दोन पेशंटच्या मध्ये पाणी सोडून मशीनची नळी धुवायचं काम माझं. पडदा कोरा झाला की मगच पुढचं रक्त. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जायला नको, असं त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी एका ट्यूबमध्ये त्यांचंच रक्त आलं. रक्ताच्या कॅन्सरचा संशय होता. त्या येऊन माझ्याच स्टुलावर बसल्या. मी नळी धुतली, पडदा कोरा झाला, तरी पुन्हा धुतली, पुन्हा... हात थांबेनात.

"अरे, झालं की. रोज एवढं धुतोस का?" मॅडम हसत म्हणाल्या.

"नाही मॅडम. आज तुमचं आहे ना."

त्यांचं हसू मावळलं. "आणि काल ज्यांचं होतं, ते कुणाचेच नव्हते का रे?"

काम नियमाप्रमाणंच करत होतो, रिपोर्ट कुणाचा चुकला नव्हता. पण काल कोण होतं, तेच आठवेना. ट्यूबवरचा नंबर तेवढा बघायचो, नाव कधी वाचलंच नव्हतं. मीही या शहरात कुणाचाच नव्हतो, आणि समोरच्या बाईनं मला पहिल्या दिवशी नाव विचारलं होतं... आजही ते आठवलं की कुणाकडं बघवत नाही.

मग ट्यूब लावली, ठिपके उमटू लागले. नको त्या कोपऱ्यात दाटले. मला कळायच्या आधी त्यांना कळलं. उठून त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. "चल, पाणी सोड. पुढचा पेशंट थांबलाय."

स्टूल अजून तिथंच आहे. मी बसत नाही त्यावर. ट्यूब लावायच्या आधी नाव वाचतो. नंतर पाणी सोडलं की एखादा ठिपका उशिरानं चमकतो, तो जाईपर्यंत थांबतो... तो कुणाचा, हे आता मला ठाऊक असतं.