केळ्याच्या वासामागचा संशय

आमच्या घरात मला संशयी म्हणतात. पाहुणा ‘जेवून आलोय’ म्हणाला तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. अशा माणसाला कोल्हारजवळच्या आमच्या कॉलेजने गॅस क्रोमॅटोग्राफवर बसवलं. सुईने थेंबभर द्रव आत सोडायचा, त्याची वाफ होते, लांब नळीतून जाताना त्यातले घटक वेगळे होतात आणि पडद्यावर एकेकाचं शिखर उमटतं. भेसळ लपत नाही. माझ्या स्वभावाला इतकं मानवणारं यंत्र दुसरं नसेल.

दसऱ्यानंतर लॅब उघडली तेव्हा एमएस्सीची एक मुलगी नमुना घेऊन आली. जामखेडकडची, कमी बोलणारी. केळ्याच्या वासाचा एस्टर तिने स्वतः बनवला होता. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते; तो शुद्ध निघाला तरच तिचा प्रकल्प मान्य होणार.

एस्टरचं शिखर छान आलं, पण त्याच्यामागून तीन अनोळखी शिखरं आली. मी चष्मा पुसला. पोरीने बाजारातला केळ्याचा इसेन्स आणून ओतलाय, माझी खात्रीच झाली. कुठून आणलास, कोणी दिला, असं मी गोडीगोडीत खोदून विचारू लागलो. पोलिसात भरती झालो असतो तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं.

तिचे कान लाल झाले. “सर, नुसतं सॉल्व्हंट टाकून बघा की. त्यात माझं काहीच न्हाई.”

नमुना ज्यात विरघळवला होता तो द्रव नुसताच सोडून बघितला. तीच तीन शिखरं. मग मी सॉल्व्हंटच्या बाटलीवर, ती देणाऱ्या दुकानदारावर, शेजारच्या लॅबवर, सगळ्यांवर संशय घेतला. तोवर तिने सिरिंज नाकाशी नेली होती.

“मोगरा,” ती म्हणाली.

लॅबभर केळ्याचा घमघमाट, मला कुठून कळणार? लॅबचं सामान सांभाळणाऱ्या मामांना बोलावलं. खंडेनवमीला त्यांनी यंत्राची पूजा मांडली होती. तेव्हा मीही डोळे मिटून, हात जोडून उभा होतो. विचारलं, तर मामांना त्यात काहीच गैर वाटलं नाही.

“घरी नांगराला अत्तर लावतो, इथं सुईला लावलं. सणाला तिला कोरडी ठेवायची व्हय सर?”

सिरिंज बदलली, यंत्राच्या तोंडाची रबरी चकती बदलली. पुन्हा थेंब सोडला. मोगरा गेला. मी सुटकेचा श्वास टाकून कागद तिच्या हाती देऊ लागलो. पण ती पडद्यापासून हलेना. एस्टरच्या आधी एक बुटकं शिखर होतं. पहिल्या कागदावरही ते होतंच. माझं सगळं लक्ष मागच्या तिघांवर.

“हे अत्तराचं न्हाई सर,” ती म्हणाली. “एस्टर बनवताना अल्कोहोल उरलंय. हे माझंच.”

परीक्षकांना इतकं चालेल, असं मी चाचरत सुचवलं. तिने माझ्याकडे बघितलं. तसं मी पाहुण्यांकडे बघतो. मग बाटली उचलून ती पुन्हा ऊर्ध्वपातन लावायला गेली.