जावयाला हुंगणारी कुत्री

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही : निपाणीत सासऱ्यांच्या तंबाखूच्या वखारीला आग मी लावली.

मुद्दाम नव्हे हो! सासऱ्यांचं घर तंबाखूवर चालत होतं, पण जावई मात्र त्यांना निर्व्यसनी हवा होता, आणि तसा असल्याचं सांगूनच माझं लग्न झालं होतं. त्यामुळं सासुरवाडीला गेलो की बिडी चोरून, वखारीच्या मागच्या कोपऱ्यात. त्या दुपारी ठिणगी पडली. डोक्याचा पंचा काढून मी पोती झोडपली, आग विझली, आणि पंचा तिथंच टाकून मी पळालो.

पंचा सासऱ्यांना सापडला, पण घरातले पंचे सगळे सारखे. म्हणून सासऱ्यांनी बेळगावच्या कॅम्पातून एका म्हाताऱ्या सुभेदाराला त्याच्या शिकवलेल्या कुत्रीसकट बोलावलं. राणी तिचं नाव. तिला हुकूम इंग्रजीतच लागत. (म्हणजे शिक्षणात ती माझ्या पुढं!)

अंगणात गडी आणि माझा मेहुणा सदू ओळीनं उभे राहिले. येत्या दसऱ्याला वखारीची किल्ली सदूच्या हाती यायची होती. मीही उठलो, तर सासरे खेकसले, "जावाईबापू, तुम्ही कुठं? जावयाला कुत्र्याम्होरं हुभं करत्यात व्हय? बसा, शिरा खावा!"

राणीनं पंचा हुंगला, सगळी ओळ ओलांडली, सोप्यावर चढली आणि माझ्या मांडीवर दोन्ही पाय ठेवून भुंकली.

"शिऱ्याचा वास!" सासरे म्हणाले. ताटली उचलली. राणी पुन्हा आली, पुन्हा भुंकली.

"जावाई वळखंना, कसलं हो हे शिकल्यालं?"

"मालक, कुत्रं माणूस वळखतंय, नातं न्हाय," सुभेदार म्हणाला.

सासूबाईंनी माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मला आत पाठवलं, तर राणी दाराशीच बसली! शेवटी सासऱ्यांनीच तिचा पट्टा ओढत तिला सदूपुढं नेलं. आवारभर तंबाखूची धूळ. राणी शिंकली.

"घावला!" सासरे ओरडले. "लई बिड्या वडतोस न्हवं?"

सदूनं दारातल्या माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "व्हय आप्पा, पंचा माझाच." आणि माझ्याजवळून जाताना, हळूच, "दाजी, शिरा खावा. गार हुतोय."

सदूची रवानगी संकेश्वरला, मामाच्या गुळाच्या दुकानात झाली. सुभेदाराला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. आणि दसऱ्याला किल्ली आली माझ्याकडं, घरात निर्व्यसनी मीच एकटा म्हणून!

आता केस पिकले. सासरे गेले. सदू दर दिवाळीला येतो, माझ्या कमरेच्या किल्लीकडं न बघता विचारतो, "दाजी, बिडी हाय का?" मी म्हणतो, "मी कुठं ओढतो!" तो हसतो. स्वतःचीच एक काढून माझ्यापुढं धरतो, आणि मी ती घेत नाही.

राणीची माफी मागायची राहिली, ती आता राहिलीच. सदूची किल्ली मात्र अजून माझ्याकडं आहे. ती त्याला द्यायची आहे.